धक्क्यानंतर शाळा कितव्या दिवशी भरणार?

पाटण खोऱ्यातल्या शाळेत भूकंपाची तयारी म्हटलं की चित्र ठरलेलं असतं. घंटा घणघणते, मुलं दप्तरं डोक्यावर धरून ओळीने मैदानात येतात, गुरुजी मोजतात, फोटो केंद्राच्या ग्रुपवर पडतो. रंगीत तालीम झाली. ती व्हायलाच हवी. पण आराखडाही तिथेच, मैदानात संपतो. मोजून झालेलं मूल कुणाच्या हाती द्यायचं, उद्या त्याला कुठे बसवायचं, इमारत वापरू नका असं ठरलं तर शाळा कितव्या दिवशी पुन्हा भरणार, यावर त्यात एक ओळ नसते. आणि डोंगरातल्या वाडीवरचं मूल शाळेतून सुटतं ते नेमकं त्या बंद आठवड्यांत.

कोयनेचा इतिहास इथल्या लोकांना नव्याने सांगायला नको. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, ४ वाजून २१ मिनिटं, तीव्रता ६.३. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगरातली बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय १९६२ पासून भरायला लागला तेव्हापासून जमीन गुरगुरतेच आहे. वारणेचं पाणी १९८५ मध्ये अडलं आणि १९९३ पासून धक्क्यांचा पट्टा दक्षिणेला वारणा खोऱ्याकडेही सरकला. १९६७ पासून ५ आणि त्यावरच्या तीव्रतेचे वीसहून जास्त धक्के या एवढ्याशा टापूत झाले. बहुतेकांचं केंद्र जमिनीखाली १० किलोमीटरच्या आत. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची बोअरहोल प्रयोगशाळा आहे आणि गोठण्याला ३ किलोमीटर खोल छिद्र पाडून झालंय, ते धरणाचं पाणी आणि धक्के यांचा संबंध काय, याच कोड्यासाठी.

शाळेच्या दृष्टीने यातल्या दोन गोष्टी कामाच्या. पहिली, धक्क्यांना ऋतू आहे. पावसाळ्यात धरण झपाट्याने भरतं, त्यानंतर सप्टेंबरच्या आसपास आणि पुढे हिवाळ्यात त्यांचं प्रमाण वाढतं. म्हणजे सहामाही परीक्षा, दिवाळीची सुट्टी, दहावीचे फॉर्म आणि ऊसतोडीची सुरुवात, सगळं याच काळात. दिवाळीनंतर हजेरी तशीही पातळ झालेली असते. मॉक ड्रिल जूनमध्ये उरकून टाकण्यापेक्षा ऑगस्टच्या शेवटी आणि पुन्हा दिवाळीची सुट्टी संपल्यावर घ्यावी.

दुसरी, मोबाईलवर आगाऊ सूचना येईल या भरवशावर राहू नये. भूकंपाची पहिली, हलकी लहर आणि मागून येणारी जोरदार लहर यांत दर ८ किलोमीटरला साधारण एक सेकंद फरक पडतो. केंद्रापासून ४० किलोमीटरवर पाच सेकंद मिळतील, हेळवाक-कोयनानगरला एखाद-दोन. तेवढ्यात फोन खिशातूनही निघत नाही. जमिनीतून घरघर ऐकू आली की तीच सूचना.

एक समज मात्र मोडून काढायला हवा, कारण तो शिक्षकांच्या तोंडूनही ऐकू येतो: ‘आपल्याकडे बारीक धक्के सारखे बसतात, त्यामुळे जोर निघून जातो, मोठा येणार नाही.’ तीव्रता एकाने वाढली की ऊर्जा साधारण ३२ पट होते. ३ च्या आणि ६.३ च्या धक्क्यातला फरक जवळजवळ ९० हजार पटींचा. तितका जोर बारीक धक्क्यांनी काढायचा तर ३ तीव्रतेचे ९० हजार धक्के लागतील. सवय झाली म्हणून धोका कमी होत नाही. उलट सवयीमुळे मुलं बाकाखाली जायच्या ऐवजी एकमेकांकडे बघून हसतात.

आणखी एक. कोयनेचा भूकंप पहाटे झाला. किल्लारीचाही, ३० सप्टेंबर १९९३ ला चारच्या सुमारास. दोन्ही वेळा शाळा रिकाम्या होत्या. वर्ग भरलेले असताना मोठा धक्का बसला तर काय होतं हे महाराष्ट्राने पाहिलेलंच नाही. भूजचा भूकंप २६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊला झाला, तेव्हा अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली मुलं अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांखाली सापडली. आपल्या प्रभातफेऱ्याही जुन्या दगडी घरांच्या बोळांतूनच जातात. त्यांचा रस्ता बदलायला खर्च शून्य.

आता इमारत. वाड्यावस्त्यांवरच्या जुन्या शाळा म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मंगलोरी कौलं किंवा पत्रा. भिंत जाड म्हणून भक्कम, हा गैरसमज. बहुतेक वेळा बाहेर एक थर, आत एक थर आणि मध्ये चिपळ्या-माती भरलेली असते. हादरे बसले की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात आणि भिंतीला पोट येतं. कोयनानगर-नवजाकडे वर्षाला ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो ही मधली माती दरसाल थोडी थोडी धुऊन नेतो. भारतीय मानक सांगतं की दगडी भिंतीत उंचीला दर ६० सेंटिमीटरला आणि आडवं जास्तीत जास्त १२० सेंटिमीटरला एक असा, भिंतीच्या आरपार जाणारा बांधदगड हवा. जुन्या भिंतीत ते नसतात. पण नंतर बसवता येतात. साधारण मीटरभर अंतरावर एकेक दगड हलक्या हाताने सोडवून आरपार ७५ मिलिमीटरचं भोक करायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवायची, काँक्रीट भरायचं, दहा दिवस पाणी मारायचं. घोटाळा होतो तो घाई करताना. गवंडी पहारीने ठोकून दगड काढतो आणि शेजारचे चार ढिले करून ठेवतो. खिडक्या-दरवाज्यांच्या वर, आतून-बाहेरून, वेल्डेड जाळीचा सलग पट्टा लावून त्यावर सिमेंट-वाळू १:३ चा गिलावा केला तर चारही भिंती एकमेकींना धरून राहतात. पट्टा कोपऱ्यावरून न तुटता वळला पाहिजे. तीन भिंतींना लावून चौथीला पैसे संपले, असं काम न केलेलं बरं. हे सगळं अभियंत्याच्या देखरेखीखाली, पण गावातल्या गवंड्याच्या हाताने होतं.

छपराचं काम स्वस्त आहे. वारा पत्रा उडवतो म्हणून त्यावर दगड ठेवायची पद्धत आहे. धक्क्यात ते दगड दारातून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या डोक्यावर येतात. दगड काढा, पत्रा धरून ठेवणारे जे-हुक बदला. कौलाची पागोळीकडची शेवटची ओळ तारेने बांधून घ्या, कारण सगळी मुलं त्याच ओळीखालून बाहेर येतात.

वर्गातलं लोखंडी कपाट भिंतीला दोन एल-पट्ट्यांनी बांधा, असं प्रत्येक पत्रकात लिहिलेलं असतं. वीट किंवा काँक्रीटच्या भिंतीत ८ मिलिमीटरचा फास्टनर धरतो. दगडमातीच्या भिंतीत तो धरत नाही, हलकं ओढलं तरी मातीसकट हातात येतो. तिथे कपाट लाकडी खांबाला बांधायचं, नाहीतर मुलं बसतात त्या खोलीतून सरळ बाहेर काढायचं. गच्चीवरच्या १००० लिटरच्या टाकीत पाणी भरलं की डोक्यावर एक टन वजन असतं. ती जमिनीवरच्या ओट्यावर आणता आली तर उत्तम. खिचडीच्या खोलीतलं सिलेंडर साखळीने बांधा आणि रेग्युलेटर बंद करायचं काम स्वयंपाकाच्या ताईंच्या नावावर लिहून ठेवा. मग राहते फाटकावरची कमान. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून बांधलेली, वर देणगीदारांची नावं कोरलेली. पायात सळई किती आणि पाया किती खोल, हे कुणी विचारलेलं नसतं, आणि बाहेर पडायचा एकमेव रस्ता तिच्याखालून असतो. कमान पाडा म्हटलं तर गावात भांडण होईल. कुंपणाला दुसरीकडे एक रुंद फाटक पाडा म्हटलं तर कुणाचं काही जात नाही.

खाली बसा, डोकं झाका, बाकाचा पाय धरा, ही सूचना बाकं असलेल्या शाळेची. पहिली ते चौथीची मुलं बसकरपट्टीवर बसतात. त्यांनी खिडकी आणि कपाटापासून दूर सरकून गुडघ्यांवर ओणवं व्हायचं आणि दप्तर डोक्या-मानेवर दोन्ही हातांनी धरायचं. एकमजली दगडमातीच्या वर्गात जे दाराशेजारी बसलेत आणि समोर मोकळी जागा आहे, त्यांनी पहिल्या सेकंदाला बाहेर पडणं शहाणपणाचं. बाकीच्यांनी हादरे थांबेपर्यंत हलायचं नाही. दोन मजली काँक्रीटच्या इमारतीत तर धक्का चालू असताना जिन्याकडे अजिबात धावायचं नाही. जमायची जागा इमारतीच्या उंचीच्या दीडपट तरी लांब, तारांखाली नको आणि डोंगराच्या पायथ्याला तर नकोच. कोयनेच्या दोन्ही काठांना वरून धोंडे सुटतात. २०२१ च्या जुलैत मिरगाव, आंबेघर, ढोकावळ्यावर डोंगर आला तो पावसाने, पण सुटलेल्या उताराला धक्काही पुरतो.

मोजणी. फळ्याच्या कोपऱ्यात ‘पट २३, हजर १९’ लिहायची आपली जुनी चांगली सवय आहे. अडचण एवढीच की फळा आत असतो आणि मुलं मोजायची असतात बाहेर. तोच आकडा रोज सकाळी दाराबाहेरच्या भिंतीवर खडूने लिहा. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक बैठकीला गेलेला असतो, दुसरा गोंधळलेला असतो, हजेरीपत्रक टेबलावर राहिलेलं असतं. भिंतीवरचा १९ कुणालाही वाचता येतो. पहार, फावडं, घमेलं, ३० मीटर दोर, शिट्टी, टॉर्च, प्रथमोपचार पेटी आणि मुलामागे एक लिटर पाणी, हे ऑफिसात कुलपात ठेवलं तर ठेवल्याचा उपयोग नाही. इमारतीपासून सुट्या पेटीत ठेवा, एक किल्ली शाळेशेजारच्या घरी द्या. १०८, ११२ आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर मुलांना तोंडपाठ हवेत.

इथून पुढे आराखड्यातलं कोरं पान सुरू होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत पहिला प्रश्न असतो, आत जायचं का? मुख्याध्यापक केंद्रप्रमुखांना कळवतात, ते गटशिक्षणाधिकाऱ्यांना, तिथून पत्र बांधकाम उपविभागाला. तालुक्यात शाळा शेकड्याने आणि अभियंते बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे तुमचा नंबर कधी लागेल सांगता येत नाही. तोवर शाळेने स्वतः चार गोष्टी पाहून, फोटो काढून, लेखी पाठवाव्यात. जिची माहिती नीट आली ती शाळा आधी बघितली जाते. एक, दोन भिंतींच्या जोडावर उभा तडा आहे का. हा सगळ्यात वाईट, कारण भिंत भिंतीपासून सुटलेली असते. दोन, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला तडा किती रुंद आहे. गिलाव्यावरची केसासारखी रेघ चालेल, पण तड्यात पेन्सिल शिरत असेल तर वर्ग बंद. तीन, ओळंबा लावून भिंत बाहेर झुकली आहे का किंवा तिला पोट आलंय का. चार, वासे-तुळया भिंतीवरच्या बैठकीतून सरकल्यात का. आत न जाता, दारातून टॉर्च मारून हे दिसतं. तड्याच्या टोकाला खडूने रेघ मारून तारीख लिहा आणि तड्यावर आडवी काचेची बारीक पट्टी सिमेंटने चिकटवा. काच तडकली तर भिंत अजून हलतेय. नंतरचे धक्के आठवडेच्या आठवडे चालतात, म्हणून ही पट्टी लागते.

वर्गखोली धोकादायक ठरली की निर्लेखनाचा, म्हणजे ती वापरातून बाद करण्याचा, प्रस्ताव होतो आणि जुनी पाडून नवी बांधायची प्रक्रिया चालू होते. ती रखडते बहुतेक जागेच्या कागदावर. गावातल्या कुणी पूर्वी तोंडी दिलेली जमीन, सातबारा अजून त्याच घराच्या नावावर, आणि आता वारस सहा. शाळेची जागा कुणाच्या नावावर आहे हे सातबाऱ्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर आत्ताच बघून ठेवा. भूकंपानंतर तो शोध घेताना मुलांचं वर्ष जातं.

मधल्या काळात शाळा कुठे भरवायची? देवळाचा सभामंडप सुचतो, पण तोही त्याच दगडमातीचा असेल तर काय साधलं? कोरड्या दिवसांत बांबूचा मांडव बरा. मुलामागे साधारण एक चौरस मीटर जागा धरली तर ३० मुलांना १८ बाय २४ फुटांची एक ताडपत्री पुरते. ताडपत्र्या, बांबू आणि सुतळी कुठून आणायची, मांडव कोण घालणार, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहा. मांडवाइतकंच महत्त्वाचं स्वच्छतागृह. मुलींच्या स्वच्छतागृहाची भिंत पडली तर सहावी-सातवीच्या मुली दोन दिवस येतात, तिसऱ्या दिवशी येत नाहीत. कारण कुणी विचारत नाही आणि त्या सांगत नाहीत. पत्र्याचा आडोसा, दाराला आतून कडी आणि पाण्याची बादली पहिल्याच दिवशी हवी.

शाळा धड राहिली तर दुसरीच अडचण. गावातली पडक्या घरांची माणसं तिथेच राहायला येतात. सांगलीने २०१९ आणि २०२१ च्या पुरात हे पाहिलंय. माणसांना ‘नाही’ म्हणायचा प्रश्नच नाही. पण दोन खोल्या आणि व्हरांडा वर्गासाठी राखायचा, निवारा कुठल्या तारखेपर्यंत आणि नंतर कुठे, हे तहसीलकडून पहिल्याच आठवड्यात लेखी घ्यायचं. तारीख नसलेला निवारा लांबतो.

आता गळतीचं गणित. सलग एक महिना गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरतात. शाळाच बंद असेल तर हजेरीपत्रकावर खाडा पडत नाही, म्हणजे ते मूल गैरहजरही ठरत नाही. कागदावर पट तेवढाच राहतो. म्हणून इमारत बंद असली तरी हजेरी बंद ठेवायची नाही. मांडवात, झाडाखाली, जिथे जमतील तिथे रोज नाव घ्यायचं. तीन दिवस न दिसलेल्या मुलाच्या घरी चौथ्या दिवशी कुणीतरी जायचं. तीसाव्या दिवशी जाऊन उपयोग नसतो, तोवर त्याला घरात काम लागलेलं असतं. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा पडलेल्या घराचे दगड उचलतो. आई मजुरीला गेली की मुलगी धाकट्याला सांभाळते. घर उभं राहायला वर्ष लागतं आणि ती दोघं वर्षाने मोठी झाली की परत वर्गात बसायला लाजतात.

पाटण-जावळीत ‘पोरं मुंबईला गेली’ हे उत्तर सर्वांत जास्त ऐकू येतं. बाप नवी मुंबईत माथाडी, गावाकडे घर पडलं, तो बायकामुलांना घेऊन गेला. इथे नोंद होते ‘स्थलांतरित’ आणि विषय मिटतो. तिथे नाव दाखल झालं का, हे बघितलं तरच ते स्थलांतर, नाहीतर ती गळती. यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, विद्यार्थ्याचा कायम क्रमांक असतो. नव्या शाळेने त्याला ओढून घेतलं नाही तर नाव त्याच नोंदीतल्या ‘ड्रॉपबॉक्स’ यादीत, कुठल्याच शाळेत नसलेल्या मुलांमध्ये, पडून राहतं. जाणाऱ्या पालकाच्या हातात तो क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून द्या आणि त्याला एवढं सांगा, की शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून कुठलीही सरकारी किंवा अनुदानित शाळा आठवीपर्यंतच्या मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ आहे. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही, ते कलम १४. हे ठाऊक नसल्यामुळे पालक दाखल्यासाठी दोनदा गावी खेपा घालतो आणि तिसऱ्यांदा घालत नाही.

ऊसतोडीच्या मुलांची गंमत उलटी आहे. नोव्हेंबरनंतर कराड, वाळवा, पलूसकडे फडाशेजारी त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतात. धक्क्यात कोपीला काही होत नाही, ती पडली तरी कुणी मरत नाही. पण जवळची शाळा बंद झाली की या मुलांचा विचार शेवटी होतो, कारण त्यांची नावं कुठल्याच पक्क्या पटावर नसतात. जतच्या किंवा बीडच्या शाळेने शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणूनचं) दिलेलं असेल तर ते मुकादमाच्या नव्हे, आईच्या पिशवीत असायला हवं.

कागद वाचवायचे तर जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाच्या नोंदीची वही, आधी. ते सहसा ऑफिसातल्या कपाटाच्या खालच्या खणात, ओल लागेल अशाच जागी असतं. त्यातली नोंद फक्त शाळेच्या कामाची नसते. जन्मतारीख आणि जात सिद्ध करायला आजोबा-पणजोबांची तीच ओळ लागते, गावात दुसरा कागद नसतो. प्रत्येक पानाचा सरळ वरून, उजेडात फोटो काढा, पान क्रमांक दिसेल असा. एक प्रत पेन ड्राइव्हवर केंद्रशाळेत, दुसरी तालुक्याला. एका शाळेचं काम दोन दुपारींत होतं. मूळ रजिस्टर जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या खणात ठेवा.

नववी-दहावीची मुलं कायद्याच्या बाहेर पडतात, कारण शिक्षण हक्क सहा ते चौदा वयाचा, आठवीपर्यंतचा. वाडीवरून बाजारगावच्या हायस्कूलला जायला एसटी लागते. रस्ता खचला, गाडी बंद झाली की पहिल्यांदा मुलींची शाळा थांबते, मग घरात स्थळांच्या गोष्टी सुरू होतात. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे, पण गाडीच नसेल तर पासाचं काय करायचं? हायस्कूलने डेपोला पहिल्या आठवड्यातच लेखी कळवावं, किती मुली, कुठल्या थांब्यावरून, किती वाजता. आकडा दिला की खचलेल्या जागेच्या अलीकडेपर्यंत तरी फेरी मागता येते. दहावीचा फॉर्म भरून झालेला असेल तर परीक्षा केंद्र बदलून घेण्यासाठी कोल्हापूर विभागीय मंडळाकडे शाळेमार्फत अर्ज करावा, पालकांना एकट्याने पाठवू नये. आणि जो नववीनंतर सुटलाच, त्याच्या घरी पुढच्या जूनमध्ये जाऊन १७ नंबरच्या फॉर्मची, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायच्या अर्जाची, माहिती द्यावी. फॉर्म भरायची मुदत दरवर्षी बदलते आणि ती बहुतेक मुलांना संपल्यावर कळते.